बटणाचा प्रसंग

दुसऱ्याची नखं कापताना आपलं लक्ष उडालं तर नखाबरोबर कातडीही येते, हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याचं लक्ष उडालंच. आई खुर्चीत, तो खाली पाटावर, तिचा पाय त्याच्या मांडीवर आणि खाली पसरलेला जुना पेपर, असं त्यांचं रविवार सकाळचं ठरलेलं काम चाललं होतं. आई खिडकीकडे बघत होती. भाजी महाग झाली असं सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "तुझे बाबा दाढी करून आले ना, की कानामागे हमखास साबण राहायचा त्यांच्या. मी टॉवेलने पुसायला जायचे, तर म्हणायचे, राहू दे गं, ऑफिसात कोण माझे कान बघतंय!" आणि ती हसली. असं हसणं तिच्या तोंडावर त्याने लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. करंगळीच्या कडेला रक्ताचा ठिपका आला. आईला त्याचा पत्ताही नव्हता. "कोण म्हणायचं?" त्याने विचारलं. "अरे, तुझे बाबा. दुसरं कोण?" आई म्हणाली, आणि वेड्यासारखं काय विचारतोस अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने रक्तावर कापूस दाबून धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाबांच्या कानामागे साबण राहायची बिशाद नव्हती. बाबा दाढी करत तेव्हा घरात कोणी मोठ्याने श्वास घेत नसे, कारण वस्तरा चालू असताना आवाज झाला आणि कापलं, तर त्याची किंमत आई मोजायची. कानामागे साबण राहणारा तो भला माणूस त्याचा बाप नव्हता. तो सिनेमातला होता.

सिनेमा जुना, काळा-पांढरा, आणि त्यात काही म्हणजे काही घडत नाही. एक कारकून, त्याची बायको, दोन मुलं, दोन खोल्या. कारकुनाला बढती मिळणार असते, ती मिळत नाही. बायको आजारी पडते आणि बरी होते. मुलीचे बूट हरवतात, त्यातला एक सापडतो. शेवटी सगळी जेवायला बसलेली असताना दिवे जातात, अंधारात कोणी उठत नाही, नुसता भांड्यांचा आणि एकमेकांना वाढण्याचा आवाज येत राहतो, आणि सिनेमा संपतो. एवढ्याशावर लोक इतकी वर्षं रडत आले आहेत. ज्यांचे आईबाप तेव्हा जन्मले नव्हते अशी पोरंही रडतात. अधूनमधून कोणीतरी जाणकार पेपरात लिहितो की हा सिनेमा अजून आपल्याला का हलवतो, आणि उत्तर ठरलेलं असतं, की यात खोटेपणाचा लवलेश नाही, आपल्याच घराच्या दाराच्या फटीतून आत बघितल्यासारखं वाटतं. चष्मेवाला असे लेख दुकानात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि मग त्या पेपरात गिऱ्हाइकाची फ्रेम गुंडाळून द्यायचा. कारण ती दोन खोल्यांची जागा त्याचीच होती. तोच जिना, तीच खिडकी, तेच दार, वरची कडी लागत नसलेलं. सगळ्या दुनियेला ते घर आपलं वाटत होतं, आणि ज्याचं ते खरोखरचं घर होतं त्या एकट्याला तेवढं वाटत नव्हतं. घरात मात्र त्या सिनेमाला नाव घेऊन कोणी हाक मारली नाही. तो "आपला सिनेमा" होता. बाबांनी पाडलेली पद्धत, ती बाबांच्या मागेही टिकून राहिली.

अलीकडे बरंच काही विसरू लागलेल्या आईच्या डोक्यात हा साबण आला कुठून, हे कळायला फार हुडकावं लागलं नाही. तो दुकानात असताना दिवसभर आईपाशी मावशी बसायच्या. नात्याने कोणी नव्हेत, पण सगळा मजला त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून तोही. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. त्यांना विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "अहो, मीच लावते की टीव्हीवर. आठवड्यातून कितीदा तरी. दुपारी या कासावीस होतात, दाराशी जाऊन उभ्या राहतात, कोण येणार आहे कोण जाणे. तो सिनेमा लावला की गप्प. मी इकडे डोळे पुसते, त्या तिकडे गोड हसतात." आणि पुढे, "आणि खरं सांगू? तुमचे वडील असे होते म्हणून तुम्ही असे निघालात. नाहीतर आजकाल कोण करतं हो आईचं एवढं?" "मावशी, तो सिनेमा आहे. नट आहे तो," एवढंच चष्मेवाला म्हणाला. मावशी हसल्या. "ते काय मला कळत नाही? पण घर तर तुमचंच आहे ना!" त्यांच्या हिशोबाने तिथे विषय मिटला. त्याच्या हिशोबाने नाही. रोज दुपारी, तो लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत असताना, घरी आईच्या डोक्यातला एक माणूस काढून दुसरा बसवला जात होता. आणि आई त्याला हसून जागा देत होती.

सिनेमावाले आले तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. दिग्दर्शक म्हणजे सतत पेन्सिल चावणारा बारकासा माणूस. आल्या आल्या तो खोलीच्या मधोमध उभा राहून गिरकी घेतल्यासारखा फिरला आणि म्हणाला, "मला सेट नको. राहतं घर पाहिजे. भिंतींना माणसं लागलेली पाहिजेत." कपाटाशेजारच्या भिंतीवर एक तपकिरी ओघळ होता, तो त्याला फारच आवडला. तो ओघळ कशाचा हे त्याने विचारलं नाही, आणि भरलं ताट भिंतीवर गेलं की असा ओघळ येतो हे त्याला कोणी सांगितलंही नाही. सिनेमात तो ओघळ आहे. बायको आजारी असते तेव्हा कारकून त्याच्याकडे बघत बसतो, आणि लोक म्हणतात, किती बोलते ती भिंत! मग सामान आलं, वायरी आल्या, दिवे आले, आणि ही चौघं स्वयंपाकघरात झोपू लागली. त्या दिवसांत घरात सकाळपासून दिवे मालवेपर्यंत माणसं असत. आणि बाबा बदलले. ते हळू बोलू लागले. आईला सगळ्यांदेखत "अहो, जरा चहा मिळेल का" असं म्हणू लागले, ते ऐकून ताई आणि तो एकमेकांकडे बघत राहिले. कारकुनाचं काम करणारा नट दाराशी चपला काढून एका पायाने त्या नीट सरळ करायचा. बाबाही तशा करू लागले. नट चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचा. बाबाही पुसू लागले. त्या सगळ्या दिवसांत कोणावर हात उठला नाही. पोरगा रात्री स्वयंपाकघरात आडवा व्हायचा तेव्हा त्याचे कान आपोआप ताठ व्हायचे आणि मग काहीच ऐकू न येता त्याला झोप लागायची. तो सुखी होता, हे सरळ सांगून टाकावं. आयुष्यात इतका सुखी तो पुन्हा झाला नाही. त्या वयाच्या अकलेने त्याने ठरवून टाकलं की हे सगळं त्या काळ्या पेटीमुळे होतंय, ती बघत असते म्हणून. ज्या दिवशी सामान बांधायला लागले त्या दिवशी तो दिग्दर्शकापाशी गेला आणि त्याची पँट धरून म्हणाला, "कॅमेरा इथेच राहू द्या ना." सगळे खो खो हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले. पुढे दिग्दर्शकाने हा किस्सा जागोजाग सांगितला, म्हातारपणीच्या मुलाखतीतसुद्धा, की बघा, त्या घरातल्या लहानग्याला सिनेमाचं केवढं वेड लागलं होतं! टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला, बाबांनी दार लावून घेतलं आणि आईला विचारलं, "लई हसत होतीस त्या लोकांशी?"

पुढचं काही वेगळं नव्हतं, जे आधी होतं तेच. पण आधी निदान शेजारी होते. आधी समोरच्या काकू दार किलकिलं करून बघायच्या, आई नळावर भेटली तर "आज पुन्हा का?" असं डोळ्यांनी विचारायच्या, एकदा तर बाबांच्या तोंडावर "माणसं राहतात इथं" असं म्हणाल्यासुद्धा होत्या. सिनेमा लागला आणि तेही संपलं. काकू तो तीनदा बघून आल्या आणि जिन्यात आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं काय बाई, सिनेमातलं घर!" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. डोळ्यांसमोर एवढं मोठं आणि एवढं गोड उभं राहिल्यावर भिंतीपलीकडून येणारा आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला, झालं. लांबलांबून लोक यायचे. "हेच ना ते घर?" विचारत दाराशी घुटमळायचे. बाबा त्यांना आत घ्यायचे, खिडकी दाखवायचे, ओघळ दाखवायचे, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचे, आणि आईला हाक मारायचे, "अगं, ऐकलंस का, पाव्हणे आलेत." आई चहा घेऊन यायची. पाहुणे तिच्याकडे असे बघायचे की जणू देवळात आले आहेत. एकदा एका बाईने वाकून तिला नमस्कार केला. आई त्या दिवशी बाही ओढून घेतलेला उजवा हात पुढे न करता डाव्या हाताने कपबश्या देत होती. त्या नमस्कारानंतर आईने उजवा हात पाठीमागे घेतला, आणि मुलाला तेव्हाच कळलं की आता ही कोणाला काही सांगणार नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार होतं? बाबा गेले तेव्हा तिरडीमागून चालणारी माणसं म्हणत होती, असा सिनेमातल्यासारखा माणूस पुन्हा व्हायचा नाही. चष्मेवाल्याने तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात सगळ्यांना हात जोडले होते.

त्याने ताईला फोन लावला. ती लग्न होऊन लांब गेलेली, तिथेच मुळं धरलेली, नातवंडांत रमलेली. साबणाचं ऐकून ती आधी हसली. "अगं, हसतेस काय?" तो म्हणाला. "तिला ते खरंच वाटतंय. बाबा तिच्या हातातली पिशवी घ्यायचे, बाबा तिला आजारपणात भात भरवायचे, सगळं सिनेमातलं सांगते." ताई म्हणाली, "मग सांगू दे की. म्हातारीला चार दिवस बरं वाटतंय तर तुझं काय जातंय?" "माझं काय जातंय?" तो म्हणाला. ताई म्हणाली, "आणि तू तरी किती उगाळणार आहेस? इतकं काही नव्हतं रे. त्या काळात सगळ्यांचेच वडील तापट असायचे. मला तर नीटसं आठवतही नाही." फोन ठेवल्यावर तो दुकानात तसाच बसून राहिला. गिऱ्हाईक येऊन काचेवर टकटक करेपर्यंत. ताईला आठवत नाही. ताई, जी त्याला ओढून मोरीत नेऊन नळ सोडायची, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आता दोघांचीच साक्ष उरली होती, त्याची आणि आईची, आणि आईची रोज दुपारी थोडी थोडी पुसली जात होती. ती गेली की मागे राहणार होता फक्त तो सिनेमा. साठीला आलेल्या एका एकट्या माणसाच्या तोंडचं खरं, की सगळ्या जगाने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं? त्याला बदला नको होता. बाबांचं नाव खराब करायचं नव्हतं. आईने जाण्याआधी एकदा, फक्त त्याच्यापाशी, "हो रे, तसं होतं" एवढं म्हणावं, इतकंच त्याला हवं होतं. नाहीतर आपण आयुष्यभर कशाला घाबरत आलो तेच उरणार नाही, असं त्याला वाटत होतं. आणि तो घाबरतच आला होता. लग्न केलं नाही. दोन ठिकाणी गोष्टी पुढे गेल्या, एकीचा तर स्वभावही आवडला होता, पण तारीख जवळ आली की तो माघार घ्यायचा. तरुणपणी एकदा दुकानातल्या मदतनिसाने महागडी फ्रेम पाडून तोडली तेव्हा त्याचा हात आपसूक वर गेला होता. तो हात तसाच हवेत ठेवून तो स्वतःच भिंतीला जाऊन टेकला, आणि मग दिवसभर शटर खाली ओढून आत बसला. लोक म्हणायचे, आईसाठी राहिला हो बिचारा. तो म्हणायचा, हो.

त्याच आठवड्यात कॉलेजातली एक मुलगी नंबर काढायला आली. "हे स्पष्ट की हे?" तो काचा बदलत विचारत होता, ती "हे... नाही, आधीचं" असं करत होती, आणि मध्येच म्हणाली, "मला रविवारच्या आत चष्मा मिळेल ना? तो जुना सिनेमा पुन्हा लागतोय, धुऊन पुसून नवा केलाय म्हणे. मोठ्या पडद्यावर मला बटणाचा प्रसंग बघायचाय." काच त्याच्या बोटांत तशीच राहिली. बटणाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनीही तो कुठे ना कुठे पाहिलेला असतो. कारकून निघायच्या घाईत आहे, शर्टाचं छातीवरचं बटण लोंबतंय, आणि बायको तो अंगात असतानाच ते शिवून देते. चेहरे दिसत नाहीत. पडद्यावर फक्त एक छाती आणि दोन हात. सुई आत जाते, बाहेर येते, दोरा ताणला जातो. बोटं किंचित थरथरतात. मग त्याचा हात वर येतो आणि तिच्या बोटांवर अलगद टेकतो. बोटं दचकून मागे जातात, क्षणभर थांबतात, आणि पुन्हा येऊन कामाला लागतात. बस, एवढंच. त्या दचकण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. लाज म्हणाले, संसारात मुरलेली ओढ म्हणाले, इतक्या वर्षांनंतरही नवऱ्याच्या स्पर्शाने मोहरणारी बाई म्हणाले. कुठल्या नटीला हे जमलं असतं, असं म्हणाले. नटीला जमलं नव्हतंच. तिची नखं लांब होती आणि तिला सुई धरता येत नव्हती. नट त्या दिवशी दुसऱ्या शूटिंगला गेलेला. दिग्दर्शकाने पेन्सिल चावत इकडेतिकडे पाहिलं आणि आईला म्हटलं, "वहिनी, तुम्ही शिवा." मग बाबांकडे बघून, "तुमची अंगकाठी त्याच्यासारखीच आहे. शर्ट घाला." आईच्या उजव्या मनगटावरची सूज अजून उतरली नव्हती, सिनेमावाले आले त्याच्या जेमतेम आधी ते मुरगळलेलं. तिने बाही पुढे ओढून घेतली आणि सुई उचलली. पोरं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आता हात वर न्या," दिग्दर्शक बाबांना म्हणाला, "वहिनींच्या बोटांवर ठेवा. हळू." हात वर गेला तशी ताईने मागून त्याचे डोळे झाकले. पण ताईची बोटं बारीक होती, फटीतून त्याला सगळं दिसलं. आईचा हात वीज लागल्यासारखा मागे गेला. मग तिला बहुधा आठवलं की माणसं आहेत, कॅमेरा आहे, आणि तो परत आला. "झकास!" दिग्दर्शक ओरडला. "पुन्हा नको, हेच ठेवू."

मुलगी निघून गेल्यावर तो त्या प्रसंगाचा विचार करत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की लोक मूर्ख नव्हते. ते बरोबर जागी रडत होते. सगळ्या सिनेमात तेवढीच एक जागा कोणी केलेली नव्हती, ती झालेली होती, आणि अंधारात बसलेल्या माणसाला तेवढं बरोबर कळतं. फक्त काय झालं होतं ते त्याला कळत नाही, आणि मग तो आपल्या पदरचं काहीतरी गोड त्यात घालतो. आपली आई, आपलं घर, आपल्याला हवं होतं तसं. इथवर त्याला पटलं, आणि तिथेच एक नको ती गोष्टही ध्यानात आली. हात ठेवला तर गेलाच होता. हळू, अलगद. दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून का होईना, बाबांचा हात आईच्या हातावर उभ्या आयुष्यात एकदा तसा पडला होता. त्या एकाच वेळेवर आई आता बाकी सगळं रचत असेल तर तिला खोटं तरी कसं म्हणायचं? हा प्रश्न त्याला आवडला नाही. त्याने रविवारची दोन तिकिटं काढली. तिच्या शेजारी बसायचं, तो प्रसंग आला की तिला हळूच विचारायचं, आई, तुझा हात का गं मागे गेला? डोकं विसरलं असेल, पण हात तर तिचाच आहे. स्वतःचा हात कोण ओळखत नाही?

मावशींनी आईला नीटनेटकं तयार केलं, केसांना तेल लावून वेणी घातली, आणि "लग्नाला निघाल्यासारख्या दिसता हो!" म्हणून गालावरून हात फिरवला. आई खूश होती. थिएटर जुनं होतं, दुपारची वेळ होती आणि गर्दी अशी की बाहेर नेताना तिला लागणारी चाकाची खुर्ची न्यायला लोकांना पाय पोटाशी घ्यावे लागले. सिनेमाआधी एक दाढीवाले अभ्यासक बोलले. "या सिनेमात आपल्याला काय भेटतं?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "साधेपणा. हिंसा नाही, खलनायक नाही. साधं जगणं हेच केवढं सुंदर असतं, हे विसरलेल्या आपल्याला तो आठवण करून देतो." टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. अंधार झाला आणि समोर त्यांचा जिना आला, घराएवढा मोठा. कडी न लागणारं दार आलं. स्वच्छ केलेल्या चित्रात तो ओघळसुद्धा आता लख्ख दिसत होता, खाली टिपक्यांत संपणारा. लहानपणी बाबांनी नेऊन दाखवला होता त्यानंतर चष्मेवाला आज तो पहिल्यांदा बघत होता, आणि त्याला वाटलं होतं तसा राग येईना. कारकून दाराशी आला, पायाने चपला सरळ केल्या, मुलीला उचलून घेतलं. चष्मेवाल्याला ते घर हवं होतं. इतकी वर्षं त्याचा दुस्वास करून, त्याला तेच घर हवं होतं, तिथल्या त्या मुलाच्या जागी बसून त्या अंधारात जेवायचं होतं. तो इतरांसारखाच रडत होता, आणि आपण कशाला आलो होतो ते घटकाभर विसरला होता.

मग बटण आलं. सगळं थिएटर एकदम गप्प झालं, खोकणारे खोकायचे थांबले. पडद्यावर आईचे हात आले, तरुण, एकेक बोट माणसाएवढं दिसेल इतके मोठे. बाही मनगटापुढे ओढलेली. सुई आत गेली, बाहेर आली. त्याने शेजारी पाहिलं. आई पुढे झुकून बघत होती, ओठांवर तेच हसू. आता विचारायला हवं होतं. त्याने तिच्या खुर्चीच्या दांडीवरच्या हातावर, तिचं लक्ष वेधून घ्यायला म्हणून, आपला हात ठेवला. हळूच.

आईचा हात त्याच्या हाताखालून निसटला. दुसरा हात कोपरात मुडपून तोंडासमोर आला, मान खांद्यात गेली, आणि ती सगळीच्या सगळी खुर्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. आवाज न करता, सराईतासारखी. "आत्ता नको," ती कुजबुजली. तो आवाज तिचा म्हातारीचा नव्हता. "पाया पडते तुमच्या. पोरं जागी आहेत."

आजूबाजूला लोक नाकं पुसत होते. पलीकडच्या बाईने अंधारात या दोघांकडे पाहिलं आणि समजुतीने मान हलवली. चष्मेवाल्याचा हात रिकाम्या दांडीवर तसाच पडून होता. जे ऐकायला तो इतकी वर्षं जिवाचे कान करून बसला होता ते त्याला ऐकायला मिळालं होतं. त्याने हात उचलून मांडीखाली दाबला. "आई, मी आहे गं," तो म्हणाला. "मी." ती कोपराआडून बघत होती, आणि त्या बघण्यात तिचा मुलगा कुठेच नव्हता. तिने बाबांनाच ओळखलं होतं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, आणि ती फार कापत होती म्हणून, तो जमेल तितक्या मऊ आवाजात बाबांच्या जागेवरून बोलला. "झोपलीत पोरं. मी काही करत नाही तुला. बस हं. काही करत नाही."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या पडद्यावर कारकून घरी आला, जेवायला बसला, दिवे गेले, अंधारात माणसं एकमेकांना वाढत राहिली, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. थिएटरातले दिवे लागले तरी तिने तोंडासमोरचा तो हात खाली घेतला नाही.